धाप आणि भ्रम

शाळूची रात्र

आबांना तिघांनी धरून आणलं होतं, तरी ते आवरत नव्हते. सत्तरीला टेकलेला काटक माणूस, काळ्या रानात जन्म गेलेला. बंडीची गुंडी तुटलेली, धोतराचा सोगा सुटलेला, भुवयांत आणि मिशांत ज्वारीचं भुस्कट. थोरल्या मुलाला ते शिव्या घालत होते. ‘माझ्या रानात कोण शिरलंय, मला बांधून कुठं नेताय’ असं काहीबाही त्यांचं चाललं होतं. पण एका दमात चार शब्द पुरे होत नव्हते. दोन शब्द, मग श्वास, पुन्हा दोन शब्द. श्वास सोडताना छातीतून शिट्टी ऐकू यायची, ती दाराबाहेरच्या बाकड्यापर्यंत पोचत होती.

“आमचं आबा असं कधीच बोलत न्हाईत ओ डॉक्टर,” सून सांगत होती. “दुपारपास्नं बिघडलंय. आधी उगंच चिडाय लागलं. मग गंजीकडं बघून कुणाशी तरी बोलाय लागलं. झोपंची सुई द्या, म्हंजी गप पडतील.”

डॉक्टरांनी आबांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा स्थिरावायला वेळ लागला, कारण हात थरथरत होता. ८१. नखं निळसर झालेली. “झोपेची सुई आत्ता दिली तर सकाळ दिसायची नाही त्यांना,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी वाफेचं मशीन, म्हणजे नेब्युलायझर, ओढलं. आबांनी मास्क भिरकावून दिला. सुनेनं त्यांचा हात आपल्या हातात धरला, डॉक्टरांनी त्यांना पाय खाली सोडून, उशीवर पुढं झुकवून बसवलं, मास्क तोंडाला न बांधता समोर धरला. वाफ सुरू झाली, नाकात ऑक्सिजनची बारीक नळी गेली, शिरेतून औषध गेलं. अर्ध्या तासानं आकडा ८९ झाला. शिव्या थांबल्या. आबांनी भोवती पाहिलं आणि मुलाला विचारलं, “मशीन बंद केलं का? कोंडा झाकलाय न्हवं?”

मंगळवेढ्यातल्या एका खासगी दवाखान्यात फेब्रुवारीअखेरची ही रात्र. ‘श्वास’ हा यंदाच्या अंकाचा विषय संपादकांनी वर्षाच्या सुरुवातीलाच कळवला होता. प्राणायामावर किंवा शहरांतल्या प्रदूषणावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला वेगळीच गोष्ट बघायची होती. छाती घरघरू लागली की माणसाचं वागणं का बिघडतं, आणि वागणं बिघडलं की घरचे छातीकडं बघायचं का विसरतात? या डॉक्टरांना फोनवर विचारलं तेव्हा ते म्हणाले, मळणीच्या दिवसांत या आणि रात्री थांबा.

मळणीच्या दिवसांत का, ते इथं आल्यावर कळतं. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. दुष्काळात सरकारी कोठारं लोकांना खुली करणाऱ्या दामाजीपंतांचं हे गाव, आणि इथल्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. रब्बीचा शाळू काळ्या जमिनीतल्या ओलीवर वाढतो. काढणी बरीचशी अजून हातानं होते: ताटं उपटायची, पेंढ्या बांधायच्या, बायकांनी कणसं मोडायची. मग ट्रॅक्टरच्या जोरावर मळणी यंत्र. यंत्राच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस काही मिनिटांत पांढरा होतो. कणसावरची बुरशी, धान्याची धूळ, कोंड्याचे बारीक कण, सगळं एकदम नाकातोंडात जातं. आधीच आकसलेल्या श्वासनळ्यांना एवढं पुरतं. त्यात रात्रीची थंडी आणि उसाच्या फडात पेटवलेल्या पाचटाचा धूर.

हवा कमी पडली की

मेंदूचं वजन शरीराच्या दोन टक्के, पण शरीराला मिळणाऱ्या ऑक्सिजनपैकी वीस टक्क्यांच्या आसपास तो एकटा वापरतो. साठवून ठेवायची सोय त्याच्याजवळ नाही. त्यामुळं पुरवठा घटला की पहिला बिघाड त्याच्या कामात दिसतो, आणि तोही वरच्या मजल्यावर: विवेक, धीर, ओळख. माणूस चिडतो, उठून पळू बघतो, अंगावरचं पांघरूण फेकतो, मास्क ओढतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की याचं डोकं फिरलं. त्याच्या आतून बघितलं तर तो गुदमरतोय आणि सुटायची धडपड करतोय.

ऑक्सिजनची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. कार्बन डायऑक्साइडची नसते, आणि घात तिथंच होतो. दम्याचा झटका आला की माणूस भराभर श्वास घेतो, त्यामुळं सुरुवातीला रक्तातला कार्बन डायऑक्साइड उलट कमी होतो. तासन्‌तास झुंजून छातीचे स्नायू थकले की तो वाढायला लागतो. मग चिडचिड ओसरते, बोलणं अडखळतं, डोळे मिटायला लागतात. नातेवाइकांना हायसं वाटतं, “आता जरा शांत झालेत.” छातीला स्टेथोस्कोप लावला तर शिट्टीही ऐकू येत नाही, कारण शिट्टी वाजवण्याइतकी हवाच आत-बाहेर होत नसते. डॉक्टर लोक या मुक्या छातीला घरघरणाऱ्या छातीपेक्षा जास्त घाबरतात. अशा माणसाला आधी खवळला होता म्हणून कुणी झोपेचं इंजेक्शन दिलं असेल, तर श्वास घ्यायची उरलीसुरली प्रेरणाही मंदावते. तीव्र दम्यात गुंगीची औषधं टाळा, हे जगभरच्या उपचार-सूचनांमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. तरीही खवळलेल्या रुग्णासाठी घरच्यांची पहिली मागणी तीच असते. मला या सगळ्या प्रवासात सर्वांत जास्त अस्वस्थ करून गेलेली गोष्ट ही.

आबांचा आजार नेमका दमा नव्हता. आयुष्यभर बिड्या आणि धूळ, त्यातून जडलेला, श्वासनळ्या कायमच्या अरुंद करणारा सीओपीडी. अशा रुग्णात कार्बन डायऑक्साइड महिनोन्‌महिने थोडा वर चढलेलाच असतो. सकाळी उठल्यावर डोकं जड, दिवसा पेंग, रात्री टक्क जाग, विसरभोळेपणा, हात पुढं ताणून धरायला सांगितले तर पंजे फडफडतात. घरात याला ‘म्हातारचळ’ म्हणून सोडून देतात. म्हातारपणाच्या खात्यावर असं किती काय काय मांडलं जात असेल!

८९ वर डॉक्टर थांबले, ऑक्सिजन आणखी वाढवला नाही. मुलगा अस्वस्थ झाला. शंभर का करत नाही, कोविडमध्ये तर पंच्याण्णवच्या खाली आलं की धावाधाव व्हायची, असं त्याचं म्हणणं. या रुग्णांत ८८ ते ९२ एवढंच धरून चालायचं असतं. सढळ ऑक्सिजन दिला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढतो आणि गुंगी वाढते. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात अँब्युलन्सने नेलेल्या ४०५ रुग्णांवर याची पारख झाली. २०१० साली तिचे निष्कर्ष आले: सरसकट जास्त ऑक्सिजन मिळालेल्या गटात ९ टक्के रुग्ण दगावले, मोजून मापून दिलेल्या गटात ४ टक्के. डॉक्टरांनी मुलाला एवढंच सांगितलं, “हवा कमी पडली तरी भ्रम होतो, या आजारात जादा झाली तरी होतो. म्हणून हे बोटावरचं यंत्र बघत बसायचं.” हे यंत्र ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याच्या १९७४ च्या शोधातून आलं. कोविडनंतर ते गावोगावच्या घरांत पोचलंय. बऱ्याच ठिकाणी ते बॅटरी संपून देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात पडलेलं असतं.

मिरचीची धुरी

तालुक्याच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या हद्दीकडं सरकलेल्या एका गावात तिथल्या आशाताई, म्हणजे गावची आरोग्य सांभाळणारी ‘आशा’ कार्यकर्ती, मला एका घरी घेऊन गेल्या. पस्तिशीची बाई, चूल पुढ्यात. २०१६ च्या उज्ज्वला योजनेत मिळालेली शेगडी फळीवर आहे, पण सिलिंडर भरून आणायचा खर्च झेपत नाही म्हणून भाकरी चुलीवरच. तूरकाट्या, कडब्याची धसकटं, शेणी. या बाईनं उभ्या जन्मात विडी ओढलेली नाही, तरी तिची छाती वाजते. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांनाही सीओपीडी होतो आणि त्यात चुलीच्या धुराचा वाटा मोठा असतो, हे पुण्याचे डॉ. संदीप साळवी गेली अनेक वर्षं सांगत आलेत. २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मधल्या त्यांच्या लेखानं जगाचंही तिकडं लक्ष वेधलं.

दोन वर्षांमागं थंडीत तिला रात्रभर धाप लागली. पहाटे ती उठून अंगणात गेली, केस मोकळे सोडून बसली, कुणी जवळ आलं की ढकलून द्यायला लागली. सासूला ओळखेना. घरच्यांनी ठरवलं, बाहेरचं आहे. एका जाणत्याला बोलावलं. त्यानं लिंबू उतरवलं, अंगारा लावला आणि बंद खोलीत निखाऱ्यावर मिरच्या टाकल्या.

“ती खोकून खोकून खाली पडली,” आशाताई सांगत होत्या. “ते म्हनाले, बघा, भूत पडलं.”

आशाताई तिथं पोचल्या त्या शेजारच्या पोरीनं पळत येऊन सांगितलं म्हणून. दार उघडायला लावलं, १०८ ला फोन केला. ती वाचली. मी विचारलं तेव्हा त्या बाईनं फक्त मान हलवली, परातीत पीठ मळत राहिली. त्या रात्रीचं तिला फारसं आठवत नाही. मिरची आठवते.

मिरचीचा धूर धडधाकट माणसाच्याही श्वासनळ्या आवळतो. घरघरणाऱ्या माणसाला तो कोंडलेल्या खोलीत देणं म्हणजे गळा दाबणंच. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं यांच्या जोडीला मिरचीची धुरी देणं हा प्रकार नाव घेऊन गुन्हा ठरवलाय. या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर आधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात कायदा झाला. तो कलमांत वाचणं वेगळं आणि त्या खोलीच्या छपरावरची काजळी बघणं वेगळं.

मी इथं कुणाच्या देवाला बोल लावत नाही. याच तालुक्यात हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाची यात्रा भरते. पालख्यांच्या भेटी होतात, भंडारा, लोकर आणि खोबरं उधळलं जातं, सगळा माळ पिवळा होतो. अंगात येणं, भाकणूक होणं यांना तिथं वेळ आहे, जागा आहे, भोवती जाणती माणसं आहेत, आणि ते संपतं. छातीत शिट्टी वाजत असताना, ओठ निळे पडत असताना एखादी बाई घरच्यांना ओळखेनाशी होते ते या जातीचं नाही. आशाताईंनी आपल्या गावात यावर सोपी तोड काढलीय. ‘बाहेरचं आहे’ असं कुणी म्हटलं तर त्या वाद घालत नाहीत. “असंल की,” म्हणतात, “आधी बोट द्या हिकडं.” ऑक्सिमीटर लावून झाला की पुढचं बोलणं.

पुडी, सुई आणि पंप

कधी हवा पुरेशी असते, आकडा ९७ असतो आणि तरी माणूस बदललेला असतो. अशा वेळी औषधांची पिशवी उलटी करायची, असं डॉक्टर सांगतात. पिशवीत बहुतेकदा उत्तर सापडतं.

दम्यावर स्टेरॉइड हे जीव वाचवणारं औषध आहे, त्याबद्दल शंका नको. झटक्यात ते वेळेवर मिळालंच पाहिजे. पण ते पोटातून, मोठ्या मात्रेत गेलं की काहींच्या मनावर परिणाम करतं. १९७२ मध्ये बोस्टनच्या अभ्यासगटानं याच कुळातल्या प्रेडनिसोनचा हिशेब मांडला: रोज ४० मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत मानसिक त्रास १.३ टक्के जणांना, ४१ ते ८० मिलिग्रॅममध्ये ४.६ टक्के, ८० च्या वर १८.४ टक्के. पहिल्या काही दिवसांत किंवा दोन आठवड्यांच्या आत हे सुरू होतं. झोप उडते, माणूस अखंड बोलतो, अचानक हजारोंचे व्यवहार करायला निघतो किंवा बायको विष घालते असा संशय घेतो. मात्रा कमी केली की बहुतेक जण पूर्ववत होतात. मात्र घरच्यांनी घाबरून बरेच महिने चाललेल्या गोळ्या एकदम बंद केल्या तर दुसरंच संकट उभं राहतं, कारण तोवर शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबलेलं असतं.

चिठ्ठीवर लिहिलेली गोळी निदान कळते तरी. बाजारात, यात्रेत मिळणारी ‘दम्याची पुडी’ कळत नाही. कागदात बांधलेली करडी भुकटी, नाव नाही, गाव नाही, आणि गुण मात्र लगेच. असल्या बिनलेबलच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं देशात अनेकदा उघडकीला आलंय. रोज किती जातं हे ना देणाऱ्याला माहीत, ना घेणाऱ्याला.

थिओफायलिनचं औषध, गोळी आणि सुई दोन्ही रूपांत, गावोगाव वर्षानुवर्षं चालत आलंय. हे कॉफीतल्या कॅफीनचं सख्खं भावंड. गुणकारी मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडं. रक्तात थोडं जास्त झालं की मळमळ, धडधड, हाताला कंप, झोप नाही, बेचैनी, आणि फारच वाढलं तर फिट. त्यात लघवीच्या किंवा जुलाबाच्या त्रासासाठी कुणी सिप्रोफ्लॉक्सासिन दिलं तर थिओफायलिन शरीराबाहेर जायचं मंदावतं आणि रक्तात साचतं. दोन वेगळ्या दवाखान्यांच्या दोन चिठ्ठ्या असतात, एकमेकींना न दाखवलेल्या.

लहान मुलांची तऱ्हा वेगळी. मंगळवेढ्यातल्या एका शिक्षिकेनं सांगितलं, तिच्या वर्गातला एक मुलगा औषध चालू असलं की बाकावर टिकत नाही, शेजाऱ्याला चिमटे काढतो, पेन्सिल धरताना हात कापतो. साल्ब्युटामॉलचं पातळ औषध. पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध येतं आणि ते थेट श्वासनळीत जातं. तेच पोटातून द्यायचं तर मोठ्यांची गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे चाळीस दाबांएवढी, आणि ती सगळ्या अंगभर फिरते. कंप, धडधड, चिडचिड हे तिच्या सोबतीनं येतात. तरीही आया बाटली मागतात, कारण ‘पंपाची सवय लागते.’ आपल्या मुलखात दम्याच्या उपचारात एवढं नुकसान दुसऱ्या कुठल्या समजुतीनं केलं नसेल. भारतात दम्याचे साडेतीन कोटींच्या जवळपास रुग्ण आहेत. जगातल्या दमेकऱ्यांत आपला वाटा साधारण १३ टक्के, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंत ४० टक्क्यांहून जास्त. आजार सारखाच, औषध उपलब्ध, आणि माणसं मरतात ती पंप उशिरा, चोरून किंवा मुळीच न घेतल्यानं.

दम्यावरची माँटेलुकास्टची गोळी सर्दी-शिंकांसाठीही सर्रास लिहिली जाते. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं तिच्यावर सर्वांत कडक प्रकारचा इशारा छापायला लावला: दुःस्वप्नं, खवळणं, उदासी, आत्महत्येचे विचार. बहुतेकांना ती सोसते, अनेकांना उपयोगी पडते. पण मूल रात्री किंचाळून उठायला लागलं तर ही गोळी कधी सुरू झाली, ते तारीख लावून बघावं. नजर लागली म्हणून मीठ-मोहरी उतरवण्याआधी.

धोतरा आणि फवारणी

एका वस्तीवर एक म्हातारे गृहस्थ भेटले. त्यांच्या वडिलांना दमा होता आणि ते धोतऱ्याची वाळकी पानं चिलमीत ओढायचे. “धाप बसायची,” ते म्हणाले, “पण कधी कधी रातभर भिंतीवरच्या मुंग्या वेचत बसायचे. भिंतीवर काईच नसायचं.”

दोन्ही गोष्टी खऱ्या. धोतऱ्यात अ‍ॅट्रोपीन आणि त्याच्या जातीची द्रव्यं असतात. ती आवळलेल्या श्वासनळ्या सैल करतात. त्यांनीच तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात, आणि ती मेंदूत शिरली की नसलेल्या वस्तू दिसतात. वाटसरूंना धोतरा चारून लुटणाऱ्या ठगांना हे ठाऊक होतं, वैद्यांनाही होतं. दम्यावर धोतरा ओढायची ही भारतीय रीत १८०२ च्या सुमारास मद्रासहून इंग्रज अंमलदारांनी ब्रिटनला नेली आणि पुढं शंभर-सव्वाशे वर्षं युरोपात दम्याच्या सिगारेटी विकल्या गेल्या. धापेवर गुण आणि डोक्यात भ्रम, ही जोडी मग रसायनशास्त्रानं फोडली. अ‍ॅट्रोपीनच्या रेणूत फेरफार करून त्याला कायमचा विद्युतभार दिला की तो मेंदूभोवतीची सीमा ओलांडू शकत नाही. असं तयार झालेलं इप्राट्रोपियम त्या रात्री आबांच्या वाफेच्या मशीनमध्ये होतं. चिलमीतल्या धोतऱ्याचाच नातू म्हणायचा, फक्त भिंतीवर मुंग्या न दाखवणारा.

या कथेची दुसरी बाजू डाळिंबाच्या बागांत आहे. मंगळवेढा, सांगोला, पंढरपूर हा सगळा डाळिंबाचा पट्टा. बागेला फवारणी फार लागते, आणि फवारणारा माणूस बहुतेकदा उघड्या तोंडानं, ओल्या सदऱ्यानं, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेनं चालतो. ऑर्गेनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं अंगात भिनली की छाती पाण्यानं भरल्यासारखी वाजायला लागते. लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि जोडीला गोंधळ, बडबड, फिट. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले, तेव्हा राज्याला याची भीषणता दिसली. पण एकटादुकटा मजूर संध्याकाळी घरी येऊन भ्रमिष्टासारखा बोलू लागला तर घरचे म्हणतात, ‘पिऊन आलाय.’ त्याची घरघर कुणी ऐकत नाही, विषारी सदरा अंगावरच राहतो आणि विष कातडीतून आत जात राहतं. आधी कपडे उतरवा, साबणानं अंग धुवा, आणि डबा किंवा त्याचं लेबल घेऊन दवाखान्यात या, हे तिन्ही सांगायला डॉक्टर कंटाळत नाहीत.

उतारा पुन्हा अ‍ॅट्रोपीनच. दर काही मिनिटांनी मात्रा दुप्पट करत जायची, छाती ऐकत राहायची. घरघर थांबली, काख कोरडी झाली, नाडी सुधारली की दुपटीनं चढवणं थांबवायचं, पुढं थेंबाथेंबानं चालू ठेवायचं. कमी पडलं तर माणूस स्वतःच्या कफात बुडतो. जास्त झालं तर ताप चढतो आणि तो चादरीवरचे नसलेले किडे वेचायला लागतो. म्हणजे छातीतला आवाज आणि रुग्णाचं वागणं, या दोन टोकांवर नजर ठेवूनच औषधाची मात्रा ठरते. पूर्वी काम केलेल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या अशा रात्रींबद्दल एक नर्सबाई सांगत होत्या: “नातेवाईक म्हणतात वेडा झाला, आम्ही म्हणतो थोडं जास्त झालं, उतरंल. आम्ही डोळे बघतो, मग छाती, मग पुन्हा डोळे.”

मनाकडून छातीकडं

वाट उलटीही चालते. १८८६ मध्ये बाल्टिमोरच्या डॉ. जॉन मॅकेंझींनी गुलाबाच्या वासानं हैराण होणाऱ्या एका दमेकरी बाईपुढं कृत्रिम गुलाब धरला. तिला त्रास सुरू झाला. १९६८ मध्ये न्यूयॉर्कच्या लुपारेल्लो आणि सहकाऱ्यांनी ४० दमेकऱ्यांना निव्वळ मिठाच्या पाण्याची वाफ दिली, सांगितलं मात्र की ही त्रासदायक धूळ आहे. १९ जणांच्या श्वासनळ्या मोजण्याइतक्या आवळल्या, १२ जणांना सरळ झटका आला. यावरून दमा मनाचा खेळ आहे असं कुणी म्हणू नये. विसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्झ अलेक्झांडरसारख्या मनोविश्लेषकांनी दम्याची घरघर म्हणजे आईसाठी दाबून ठेवलेलं रडणं असा सिद्धान्त मांडला. अशा विचारांमुळं कितीतरी आयांवर नसता दोष आला. श्वासनळ्यांची सूज खरी असते. भीती त्या सुजेवर स्वार होते, एवढंच.

आणि काही वेळा आवाज छातीतला नसतोच. कॉलेजात जाणारी एक मुलगी, परीक्षेच्या तोंडावर श्वास अडतो, गळ्यातून कर्कश आवाज, हातापायांना मुंग्या, बोटं वळलेली. ऑक्सिमीटर ९९. पंपानं फरक नाही. तिला दम्याच्या सुया देऊन झाल्या होत्या, कुणी ‘नाटक करते’ म्हणूनही झालं होतं. श्वास घेताना स्वरयंत्राच्या पट्ट्या उघडण्याऐवजी मिटत असतील तर असा हुबेहूब दमा वाटतो. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरच्या डॉक्टरांनी असे पाच रुग्ण नोंदवले, ज्यांना विनाकारण दम्याची औषधं चालू होती. उपाय श्वासाचे आणि आवाजाचे व्यायाम, शिवाय मनाशी बोलणं. या मुलीला सोलापूरला कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडं आणि समुपदेशनाला पाठवलं. ती नाटक करत नव्हती हे तिच्या वडिलांसमोर डॉक्टरांनी मोठ्यानं सांगितलं, तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

बाटलीचं नळकांडं

परतण्याआधी डॉक्टरांसोबत आशाताईंच्या एका बैठकीला बसलो. अर्धा लिटरच्या पाण्याच्या बाटलीच्या तळाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडायचं, कड चिकटपट्टीनं बंद करायची, पंप त्यात बसवायचा आणि बाटलीचं तोंड ओठांत धरायचं. विकतच्या नळकांड्यासारखंच हे काम करतं, हे दक्षिण आफ्रिकेच्या डॉ. हेदर झार यांनी १९९९ मध्ये मुलांवरच्या अभ्यासातून दाखवलंय. झटक्याच्या वेळी वाफेचं मशीन जवळ नसेल, तर पंप आणि ही बाटली वेळ मारून नेऊ शकते. घाबरलेल्या, हात झटकणाऱ्या माणसाला पंप आणि श्वास यांचा मेळ घालता येत नाही, बाटली असली की तो घालावा लागत नाही. चार-पाच साधे श्वास पुरतात. बायकांनी तापलेल्या सळईनं भोकं पाडली, प्लॅस्टिकचा वास सुटला, कुणी खिडकी उघडली.

डॉक्टरांनी मग घरच्यांना विचारायचे प्रश्न सांगितले. वागणं आधी बदललं की धाप आधी लागली? किती तासांत? या पंधरवड्यात कुठली नवी गोळी, सुई, पुडी? फवारणी, पाचट, मळणी? ताप? सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालूनच १०८ मध्ये बसायचं, कारण गाडीतल्या माणसाला विचारायला वेळ नसतो. मनाचा त्रास धाप बसल्यावरही टिकला तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे.

मागं बसलेल्या एका आशाताईनं विचारलं, “पर सर, तो माणूस अंगावर येतोय, आपल्यालाच शिव्या देतोय, तवा त्याच्याशी बोलायचं कसं?”

बांधू नका, आडवं पाडू नका, डॉक्टर म्हणाले. दिवा लावा, गर्दी हटवा. त्याच्या ओळखीचं एकच माणूस समोर ठेवा, त्यानं आपलं नाव सांगावं, त्याचा हात धरावा. आणि ज्याचं उत्तर मान हलवून देता येईल असंच विचारा, कारण बोलायला त्याच्याजवळ हवा शिल्लक नसते.